परसातलं वर्ष : तुमच्या बागेत कोण, कधी येतं?

अंगणवेल | ८ जून

ताडोब्याच्या वाघांचे, भिगवणच्या रोहितांचे धागे इथे ढिगाने आहेत. मागच्या दारी, गच्चीत, सोसायटीच्या कुंपणाशी जे चाललेलं असतं त्यावर मात्र धड एकही धागा सापडला नाही, म्हणून हा काढते आहे. अट एकच: सहलीतले फोटो नकोत. हातातला चहा गार व्हायच्या आत जिथे पोचता येतं तेवढ्यातलंच लिहा. फोटो नसला तरी चालेल.

माझं मत आधीच सांगून टाकते. बाग बघायची तर एक झाड धरावं आणि वर्षभर त्याच्याच मागे लागावं. कॅमेरा गळ्यात अडकवून चारी कोपरे हिंडलं की फोटो भरपूर मिळतात, पण काय चाललंय ते कळत नाही.

मी कढीपत्ता धरला आहे. मृग लागला तरी पुण्यात पावसाचा पत्ता नाही, पण वळवाच्या सरींवर झाडाला कोवळी पालवी फुटली आणि तिच्यावर लगेच फुलपाखराची अंडी आली. मोहरीएवढी, फिकट पिवळी, एका पानावर बहुधा एकच. यातून निघणारी अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते: तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते. तिला काडीने डिवचलं तर डोक्यामागून लाल दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एका फोटोपुरतं ठीक, पण पुन्हा पुन्हा डिवचू नका, तिची ताकद त्यात जाते. कोष हिरवा किंवा तपकिरी, जशी आजूबाजूची जागा असेल तसा. फुलपाखरू निघायच्या आदल्या रात्री कोषाच्या सालीतून पंखांवरची नक्षी दिसू लागते. ती दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा तयार ठेवायचा.

आता तुमचं येऊ द्या.

गच्चीतला_माळी | ८ जून

छान धागा, वाचनखूण साठवली. पण ताई, कढीपत्ता आमटीसाठी लावलाय की अळ्यांसाठी? आमच्याकडे एका आठवड्यात झाडाच्या काड्या झाल्या.

अंगणवेल | ९ जून

दोघांसाठी! झाड मोठं असेल तर अळ्यांनी फारसं बिघडत नाही, आणि पुष्कळशा अळ्या बुलबुल, दयाळ, गांधीलमाश्या उचलतातच. कुंडीतलं रोप लहान असेल तर दोन ठेवा, बाकीच्या शेजारच्या लिंबावर सोडा. फुलपाखरांची ही जात लिंबावरही वाढते.

मावशी_डोंबिवलीकर | ११ जून

मला बाग नाही, खिडकीची ग्रिल आहे. त्यात तगर. दर पावसाळ्यात एक दिवस असा येतो की सकाळी खालच्या फरशीवर मिऱ्यांएवढ्या काळ्या लेंड्या पडलेल्या असतात आणि वर अर्ध्या फांद्या बोडक्या. पहिल्यांदा मला उंदीर वाटला. मग दिसली ती अळी, माझ्या करंगळीहून जाड, पानाच्याच रंगाची. मानेशी दोन निळे डोळे, काळ्या काठाचे, मध्ये पांढरे. शेपटीकडे पिवळसर आखूड शिंग. ते डोळे खरे नाहीत म्हणे. मी फोनने फोटो काढला, पण सगळा हिरव्यात हिरवा आलाय. काही उपाय?

मॅक्रोवेडा | ११ जून

मावशी, हा ओलिअँडर हॉकमॉथ. तगर, कण्हेर, सदाफुली ही त्याची जेवणाची पानं. ते डोळे नुसते ठिपके आहेत. घाबरली की अळी खरं डोकं आत ओढून घेते, पुढचा भाग फुगवते आणि ठिपके वटारल्यासारखे मोठे दिसतात. पतंगही बघण्यासारखा असतो, हिरव्या-गुलाबी छटांचा, पानात बसला तर शोधून सापडत नाही.

फोटोचं म्हणाल तर अळीच्या मागे एक काळं पुठ्ठ्याचं कव्हर वीतभर लांब धरायला सांगा कुणाला तरी. हिरव्यातून हिरवं लगेच सुटं होतं. फोनवर अळीच्या डोक्याशी बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा. भर दुपारी काढू नका.

ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांच्यासाठी: महागडी मॅक्रो लेन्स लगेच घेऊ नका. जुन्या बाजारात ५० मिमीची मॅन्युअल लेन्स मिळते, जिला छिद्राची (अ‍ॅपर्चरची) कडी लेन्सवरच असते. रिव्हर्स रिंग लावून ती उलटी बसवा. फोकस लेन्सने होत नाही, स्वतः पुढे-मागे झुलावं लागतं. शटर १/२००, छिद्र एफ ८ ते एफ ११, फ्लॅशसमोर ट्रेसिंग पेपरचे दोन थर. तो कागद लावला नाही तर भुंग्याच्या पाठीवर पांढरा ठिपका येतो आणि पाठ कुठे गेली ते कळत नाही.

एक विनंती. काही जण किडे शांत बसावेत म्हणून फ्रीजमध्ये ठेवून फोटो काढतात. त्याला छायाचित्रण म्हणू नये. थंडीतल्या पहाटे किडे आपसूक गारठलेले मिळतात, तेवढं थांबावं.

तळकोकणी | १९ जून

पाऊस आमच्याकडे व्यवस्थित लागलाय. तो लागायच्या आधीची गजाल सांगतो: मेअखेरीस मागच्या पऱ्ह्याला काजवे होते. पाऊस जोराचा धरला की ते संपतात. उडताना लुकलुकतात ते नर, मादी खाली गवतात बसून उत्तर देते. टॉर्च मारला की हा संवादच तुटतो, म्हणून आमच्याकडे पाहुणे आले की मी आधी सगळ्यांचे मोबाइल खिशात घालायला लावतो. फोटोसाठी तिपाई, वीस-तीस सेकंदांचं एक्स्पोजर, अंधार आणि मच्छरदाणी. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची.

आता कुंड्यांकडे बघा. पहिल्या पावसात कुंडीखाली गांडुळासारखं काहीतरी वळवळताना दिसलं तर ठेचू नका, तो वाळा साप असू शकतो. ओळखायची खूण: गांडुळाला कड्या असतात आणि ते चिकट ओलं असतं. वाळ्याचं अंग कोरडं, पॉलिश केल्यासारखं, आणि नीट बघितलंत तर इवलीशी जीभ लवलवते. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे टिपके. पूर्ण बिनविषारी, मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. या जातीत नर नसतातच, सगळ्या माद्या, आणि नराशिवायच अंडी घालतात. कुंड्यांच्या मातीतून जगभर पसरलाय.

विहिरीच्या कडेच्या फांदीला किंवा टाकीच्या भिंतीला पांढरा फेसाचा गोळा दिसला तर तो साबणाचा नव्हे, झाडबेडकाचं घरटं. पिल्लं त्यातून थेट खाली पाण्यात पडतात.

आणि हो, कोकणातल्यांनो, लेन्स कपाटात ठेवू नका. बुरशी धरते, आणि एकदा आतल्या काचेला धरली की दुरुस्तीत लेन्सच्या निम्मे पैसे जातात. घट्ट झाकणाचा किराण्याचा डबा, त्यात सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत डब्यात.

अनामिक_वाटसरू | २० जून

साप बिनविषारी वगैरे ठीक आहे, पण रात्री बागेत फोटो काढायला गेलेल्यांना घोणस चावल्याच्या बातम्या येत नाहीत का? जरा तेही लिहा.

तळकोकणी | २० जून

बरोबर. पावसाळ्यात घोणशीची पिल्लं फिरत असतात. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं होतात, आणि तीही जन्मापासून विषारी. पायात गमबूट, हातात चांगला टॉर्च, आणि पालापाचोळ्यात हात घालून काहीही हलवायचं नाही. गुडघे टेकून फोटो काढायच्या आधी गुडघे कुठे टेकणार ते बघायचं. चावलंच तर ओझा-मांत्रिक नको, चिरा नको, आवळपट्टी नको, सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं.

नवा_झूमवाला | २ जुलै

माझ्या बाल्कनीतल्या मनीप्लांटमध्ये लालबुड्या बुलबुलाने घरटं केलंय! आज तीन अंडी. नीट दिसत नव्हतं म्हणून दोन-चार पानं काढली. फोटो टाकतोय, रोजचा अपडेट देईन.

मॅक्रोवेडा | २ जुलै

अभिनंदन, पण फोटो काढून टाका आणि पानं काढणं थांबवा. ती पानं म्हणजे त्या घराचं छप्पर होतं. आता कावळ्याला आणि घारीला वरून सरळ दिसतंय.

नवा_झूमवाला | २ जुलै

बाल्कनी माझी, कुंडी माझी. पक्षी निवांत बसलाय की. उगाच कशाला धसका घालता?

अंगणवेल | ३ जुलै

कुंडी तुमचीच. घरटं मात्र कायद्याने तुमचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी, घरटी यांना हात लावणं किंवा त्रास देणं हे शिकारीच्याच व्याख्येत घातलेलं आहे. पण कायद्याचा धाक दाखवायला मी लिहीत नाही. बुलबुल निवांत दिसतो कारण अंड्यांवरून उठणं त्याला परवडत नाही. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिल्लं घरट्याबाहेर पडायला जवळजवळ तेवढेच दिवस. एवढाच काळ आहे. काढलेल्या पानांच्या जागी त्याच वेलीची फांदी ओढून बांधा. बाल्कनीच्या दाराला पडदा लावा, पडद्याच्या फटीतून खोलीतूनच बघा. फ्लॅश नको. खाऊ घालायला आलेल्या बुलबुलाच्या चोचीत काय आहे एवढं रोज टिपलंत तरी ते अंड्यांच्या फोटोपेक्षा किती तरी कामाचं होईल: सुरुवातीला अळ्या-किडे आणतात, फळं नंतर.

नवा_झूमवाला | ३ जुलै

पटलं. फोटो उडवला, फांदी बांधली. (कबुतरांच्या घरट्यालाही हाच न्याय का? नुसतं विचारतोय.)

मावशी_डोंबिवलीकर | ३ जुलै

कबुतरांचा वेगळा धागा काढा हो, इथे नको. तिथे मी पानभर लिहीन.

अंगणवेल | २८ सप्टेंबर

धागा वर काढते आहे, कारण फुलपाखरांचे दिवस हेच आहेत. पाऊस ओसरतो, ऊन पडतं, रानवटी फुलं असतात. २०२० पासून सप्टेंबर हा देशभर फुलपाखरांचा महिना म्हणूनही साजरा होतो, निरीक्षणं आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात.

या आठवड्यात कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मनची मादी अंडी घालताना मिळाली. नर साधा काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. मादीची मात्र रूपं वेगवेगळी. एक नरासारखंच, आणि दुसरं कॉमन रोझ या लाल अंगाच्या, बेचव फुलपाखराची नक्कल करणारं. माझ्याकडची ही नक्कलवाली. नकलेत एक चूक राहून जाते: कॉमन रोझचं अंग लाल असतं, हिचं काळं. फोटो काढताना पंखांच्या नादात अंग सुटू देऊ नका, ओळख तिथेच पटते.

गच्चीतला_माळी | २९ सप्टेंबर

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला रुई होती, तिच्यावर बिबळ्या कडवा असायचा, केशरी, काळ्या-पांढऱ्या टोकांचा. समितीने 'तण' म्हणून सगळी रुई उपटली आणि तिथे कार्पेट लॉन केलं. त्या हिरवळीवर आता फक्त शेजारचा कुत्रा येतो. रुईचा चीक अळीच्या अंगात साठतो, त्यामुळे पक्षी हे फुलपाखरू खात नाहीत, म्हणून ते इतकं आरामात उडतं. नवशिक्या फोटोग्राफरसाठी यापेक्षा चांगला विषय नाही. रुईचं बी हवेवर येतंच, एका कोपऱ्यात येऊ द्यायला समितीला पटवतोय. मारुतीला शनिवारी पानं लागतात हा मुद्दा काढल्यावर दोन मतं फिरली.

जर्सीकर | ३० सप्टेंबर

न्यू जर्सीतून नमस्कार. माळीबुवा, तुमचा बिबळ्या कडवा आणि आमच्याकडचा मोनार्क एकाच वंशातले, दोघांचंही शास्त्रीय नाव डॅनॉसने सुरू होतं. इथे रुईच्या जागी मिल्कवीड. मी परसात लावलंय, आणि सध्या मोनार्क मेक्सिकोकडे निघालेत. या दिवसांत केप मेच्या किनाऱ्यावर त्यांचे थवे थांबतात. हमिंगबर्डही आता जवळजवळ गेलेच, ते एप्रिलअखेरीला परत येतात. त्यांच्यासाठी टांगलेल्या बाटलीत एक भाग साखर, चार भाग पाणी एवढंच घालायचं, लाल रंग घालायचा नाही.

तळकोकणी | १४ ऑक्टोबर

अंगणावर दोन दिवस पिवळट चतुरांचे थवे. खाली उतरतच नाहीत, फोटोचा जीव गेला. कुणाला माहीत आहे?

मॅक्रोवेडा | १४ ऑक्टोबर

पँटाला फ्लॅव्हेसेन्स. हा चतुर पाऊस सरताना समुद्रावरून मालदीवमार्गे आफ्रिकेकडे जातो, असं तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडलं. उडताना टिपायचा तर फोकस आधीच तीन-चार मीटरवर लावून ठेवा, शटर १/२००० आणि एका ठरावीक फेरीवर नजर. किंवा संध्याकाळी सुकलेल्या काड्यांवर लटकलेले शोधा, तिथे ते रात्र काढतात.

अंगणवेल | ६ नोव्हेंबर

राज्यात काल पक्षी सप्ताह सुरू झाला. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ ला आणि सलीम अलींचा १२ ला, त्यामधले हे दिवस. पाहुणे आले का कुणाकडे? आमच्या कुंपणावर थिरथिरा हजर आहे. बसला की शेपूट सतत थरथरवतो, म्हणून काढलेले निम्मे फोटो शेपटीशी हललेले. शटर १/५०० च्या खाली नेऊ नका.

मॅक्रोवेडा | २१ डिसेंबर

थंडीचं मी जूनमध्ये म्हणालो होतो ते आता. सूर्य उगवायच्या आधी बागेतल्या गवतात बसा. टाचण्या (चतुरांच्या सडपातळ बहिणी) काडीला घट्ट धरून झोपलेल्या असतात, पंखांवर दवाचे मणी, डोळ्यांवरही. अंग गरम होईपर्यंत त्यांना उडता येत नाही. कॅमेरा काडीला समांतर धरा म्हणजे डोकं ते शेपटी सगळं एका फोकसमध्ये येतं. ऊन अंगावर आलं की आधी पुढचे पाय डोळ्यांवरून फिरवते, दव पुसते, पंख जरासे थरथरतात आणि गेली. ते डोळे पुसणं मिळालं तर बाकी काही नको.

मावशी_डोंबिवलीकर | १७ फेब्रुवारी

खिडकीच्या काचेवर सकाळपासून एक काळा-जांभळा चिमुकला पक्षी टोचा मारतोय. काच फुटायची नाही, त्याचं डोकं फुटेल.

अंगणवेल | १७ फेब्रुवारी

मावशी, शिंजीर आहे, नर. काचेत दुसरा नर दिसतो त्याला. काचेला बाहेरून जुनं वर्तमानपत्र चिकटवा, थांबेल. हाच पक्षी तुम्हाला नोव्हेंबरात वेगळा वाटला असेल, कारण विणीचा हंगाम संपला की नर मळकट पिवळा होतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ उरते. आता पुन्हा झळाळी आली आहे. फोटोसाठी पाठीवर ऊन पडेल असं उभं राहा, नाहीतर नुसता काळा गोळा येतो. जास्वंदीच्या फुलात तो समोरून तोंड घालत नाही, देठाशी बाजूने भोक पाडून मध चोरतो. तेव्हा कॅमेरा फुलाच्या समोर नव्हे, बाजूला.

वऱ्हाडी_ठेचा | २६ एप्रिल

नागपुरात ४४. बाहेर कॅमेरा धरला तर चटका बसतो, म्हणून मी आता फक्त पाण्याजवळ बसतो. झाडाखाली मातीचं पसरट परळ, पाणी दोन बोटं खोल, मध्ये एक दगड. वर टांगलेल्या प्लास्टिकच्या बाटलीला बारीक भोक, त्यातून थेंब थेंब. त्या थेंबाच्या आवाजानेच पक्षी येतात. क्रम ठरलेला: सकाळी सातभाईंची टोळी, त्यांची भांडणं होईपर्यंत दुसरं कुणी येत नाही. दुपारी खार, सरडा. सरडा सध्या लालबुंद डोक्याचा, दर दोन मिनिटांनी जोर मारून दाखवतो. कुंपणापर्यंतच धावतो हे खरं आहे भाऊ, तपासून पाहिलं. संध्याकाळी उजेड पार कमी झाल्यावर स्वर्गीय नर्तक. फांदीवरून पाण्यात बुडी मारतो आणि परत फांदीवर, त्या लांब पांढऱ्या शेपटीसकट. आयएसओ ३२०० वर नेला तरी शेपूट हललेलीच येते. मी ती तशीच ठेवतो, चांगली दिसते.

नवा_झूमवाला | २७ एप्रिल

परळात डास होत नाहीत का? आमच्याकडे सोसायटीने ताकीद दिलीये.

वऱ्हाडी_ठेचा | २७ एप्रिल

रोज ओतून, घासून नवं भरलं तर होत नाहीत. अंड्याचा डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. माझी अडचण वेगळी आहे. कावळा वाळक्या पोळीचे तुकडे आणतो, परळात भिजवतो, मऊ झाले की खातो आणि उरलेला लगदा तिथेच. दुपारपर्यंत पाणी आंबतं.

तळकोकणी | २८ एप्रिल

ते परळ आता त्याचंच समजा. दुसरं एक ठेवा, कावळ्याला मोकळेपणी उतरता येणार नाही अशा फांद्यांखाली. झुडपाला अगदी खेटून मात्र नको, मांजर दबा धरतं. चार-पाच फूट अंतर ठेवा.